या वेळी कोण गाणार?

क्रिकेटचा संघ जाहीर होण्याआधी घराघरांत वाद रंगतात. नव्या सिनेमात नायिका कोण, यावरून पैजा लागतात. हे सारे आपल्या ओळखीचे आहे. पण पांढरे झगे घातलेल्या, दुधाचे दात नुकतेच पडलेल्या पोरांच्या एका गाण्याच्या व्हिडिओवरून निरनिराळ्या देशांतली चांगली जाणती माणसे महिना महिना तर्क लढवत बसतात, असे सांगितले तर पटेल? पटो वा न पटो, हे घडते. आणि त्यामागे नुसते वेड नाही, एक हुरहुरही आहे.

ही मुले आहेत लंडनची. त्यांच्या गानवृंदाचे नाव ‘लिबेरा’. दक्षिण लंडनमध्ये नॉर्बरी नावाचे उपनगर आहे. तिथल्या सेंट फिलिप चर्चमध्ये रॉबर्ट प्राइझमन नावाचे एक संगीतकार ऑर्गन वाजवीत आणि मुलांना गाणे शिकवीत. त्या चर्चच्या बालवृंदातूनच पुढे लिबेरा उभा राहिला. लिबेरा हा लॅटिन शब्द. अर्थ, मुक्त कर. वृंदातली मुले साधारण सात ते सोळा वर्षांची. राजेरजवाड्यांनी पोसलेल्या एखाद्या संगीतशाळेतली ती नव्हेत. आसपासच्या वेगवेगळ्या शाळांत शिकायचे, शाळा सुटली की तालमीला यायचे आणि सुट्टीत दौऱ्यावर जायचे, असा त्यांचा क्रम. घरी गृहपाठ, भावंडांशी भांडणे, फुटबॉल. आणि अंगावर तो टोपीचा पांढरा झगा चढला की मात्र पाहणाऱ्याला वाटावे, ही मुले या जगातली नाहीतच!

प्राइझमन यांनी जुन्या प्रार्थनांना आणि लॅटिन स्तोत्रांना नव्या चाली दिल्या. त्यांत स्वरांचे थरावर थर चढवले आणि त्या सगळ्यांच्या वर एका मुलाचा एकटा, उंच, काचेसारखा लख्ख आवाज सोडला. हॉलिवूडच्या ‘हॅनिबल’ या २००१ सालच्या थरारपटात हेच आवाज आहेत. २००७ साली हॉलंडमधल्या लायडन गावच्या जुन्या पीटर्सकर्कमध्ये त्यांची मैफल चित्रित झाली. जपान, फिलिपाइन्स, कोरिया, अमेरिका असे त्यांचे दौरे झाले. अशा रीतीने एका उपनगरातल्या चर्चची पोरे जगभराची झाली आणि त्यांचे चाहतेही जगभर पसरले.

एक चित्र आणि शंभर तर्क

नवा व्हिडिओ येणार, एवढी कुणकुण लागायचा अवकाश, तर्कांना ऊत येतो. बहुतेक वेळा हाती असते ते एखादे छायाचित्र किंवा चार सेकंदांची झलक. बस्स, तेवढे पुरते. चित्रात कमान दिसते, म्हणजे चित्रीकरण कुठल्या तरी जुन्या कॅथीड्रलमध्ये झाले असणार. पण कुठल्या? खिडकीच्या रंगीत काचांवरून एक जण गावाचे नाव सांगतो, दुसरा म्हणतो, छे, तिथले खांब असे नाहीत. मागे समुद्र दिसला की इंग्लंडच्या किनाऱ्याचा नकाशाच उघडला जातो. मुलांच्या तोंडातून वाफ निघताना दिसली की ठरले, चित्रीकरण हिवाळ्यातले आहे. मग गाणे नाताळचे असेल काय?

गाणे कोणते, हा तर वेगळाच विषय. जुने स्तोत्र नव्याने बांधले असेल की अगदी नवी रचना असेल? इंग्रजी की लॅटिन? झलकेत एक मुलगा तोंड उघडताना दिसतो. त्याचे ओठ गोल झाले आहेत, म्हणजे अक्षर ‘ओ’ असणार! मग ‘ओ’ने सुरू होणाऱ्या स्तोत्रांची यादी तयार होते. ही यादी करणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, रात्रपाळीच्या परिचारिका असतात, संगीत शिकणारे विद्यार्थी असतात. आजारपणात महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेले, ज्यांना या आवाजांनी रात्री सोबत केली, असेही असतात. काहींना ख्रिस्ती प्रार्थनेचा ओलावा त्यात सापडतो. काहींना धर्माशी देणेघेणे नसते, त्यांना नुसता स्वर हवा असतो. लॅटिन शब्दांचा अर्थ तर बहुतेकांना कळतही नाही. पण सनईचे शब्द कोणाला कळतात? तरी लग्नघरात तिच्याशिवाय चालत नाहीच ना!

पण जागा, ऋतू, गाणे हे सगळे प्रश्न मागे पडतात आणि गाडी शेवटी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. एकट्याचा तो वरचा स्वर या वेळी कोणाचा? मागच्या वर्षी ज्याने गाऊन सगळ्यांना रडवले, तोच का? तो आता किती उंच झालाय पाहिलेत? पहिल्या रांगेतून मागच्या रांगेत गेलाय. म्हणजे... आवाज फुटला असेल का?

इथे हसणेखिदळणे जरा थांबते.

स्वतःचाच पार्श्वगायक

आवाज फुटणे हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. संगीत नाटकांच्या जमान्यात पोरसवदा नट लुगडे नेसून नायिका रंगवीत, तेव्हा नाटक मंडळींना याच गोष्टीची धास्ती असे. वयात येताना मुलाच्या शरीरात जे बदल होतात, त्यांत स्वरयंत्र वाढते, गळ्याची घाटी पुढे येते, आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते. तंतू लांब झाले की सूर खाली येतो. मुलाचा आवाज अशा वेळी जवळजवळ एक सप्तक उतरतो. कोणाचा काही आठवड्यांत, कोणाचा वर्षभर रेंगाळत, मध्येच चिरकत, मध्येच घोगरा होत. उपाय काही नाही आणि असण्याचे कारणही नाही. तो आजार नव्हे, ते मोठे होणे आहे.

बाखच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात, लाइपझिगमधल्या गायक मुलांचे आवाज सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत टिकत, असे जुन्या नोंदी चाळून अभ्यासक सांगतात. आज मुले लवकर वयात येतात. बारा-तेरा-चौदा या वर्षांत बहुतेकांचे आवाज बदलतात. आता हिशेब करून पाहा. सातव्या-आठव्या वर्षी मुलगा वृंदात येतो. दोन-तीन वर्षे तो नुसता शिकतो. एकट्याने गाण्याइतका तयार होईपर्यंत अकरा-बारा वर्षांचा होतो. म्हणजे त्याच्या हाती उरतो तो फार तर दोन-तीन वर्षांचा काळ. ज्या दिवशी आवाज सर्वांत सुंदर लागतो, त्या दिवसापासून त्याचा शेवटही फार लांब नसतो. शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असते, आईबापांना ठाऊक असते आणि चाहत्यांनाही.

व्हिडिओच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. गाणे आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होते. चित्रीकरण त्यानंतर, कधी काही आठवड्यांनी, कधी बऱ्याच महिन्यांनी. मुलगा कॅमेऱ्यापुढे उभा राहून आपल्याच आधीच्या आवाजावर ओठ हलवतो. आपल्या सिनेमात लता मंगेशकर किंवा महंमद रफी गात आणि पडद्यावर ओठ दुसऱ्याचे हलत. इथे हा मुलगा स्वतःचाच पार्श्वगायक होतो. मधल्या काळात त्याचा आवाज फुटला असला, तर? तर पडद्यावर दिसणारा मुलगा तो स्वर आता कधीच काढू शकणार नाही. पाहणारा मात्र म्हणत असतो, वा, काय गळा आहे! चाहते झलकेतल्या मुलाच्या उंचीकडे आणि गळ्याकडे एवढे निरखून पाहतात ते यासाठी. जे ऐकायला मिळणार आहे ते आजचे आहे की कालचे, हे त्यांना जाणून घ्यायचे असते.

हा ध्यास आजचा नाही. व्हिएन्नाच्या शाही चॅपेलमध्ये फ्रान्झ शूबर्ट नावाचा एक चष्मेवाला मुलगा गात असे. १८१२ सालच्या २६ जुलैला त्याने समोरच्या स्वरलिपीच्या कागदावर लिहून ठेवले की आज आपण शेवटचे आरवलो. वय वर्षे पंधरा! चेष्टेत लिहिलेली ती ओळ आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही वाचणाऱ्याला चटका लावते. त्याच व्हिएन्नात जोसेफ हायडनचा आवाज फुटला, तेव्हा १७४९ साली त्याला सेंट स्टीफनच्या वृंदातून निरोप मिळाला. जवळ पैसा नाही, डोक्यावर छप्पर नाही. या दोघांनीही पुढे जगाला काय दिले ते सांगायला नकोच.

तर्क चुकतात ते असे

तर्क लढवण्याची हौस तर ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी असावी. १९२७ साली लंडनच्या टेंपल चर्चमध्ये एचएमव्हीची फिरती ध्वनिमुद्रण यंत्रणा आली आणि अर्नेस्ट लाफ या पंधरा वर्षांच्या मुलाने मेंडेलसनची एक प्रार्थना गायली. कबुतराचे पंख मागणारी ती प्रार्थना इतकी गाजली की तबकडीचा मूळ साचा झिजला आणि पुढच्या वर्षी गाणे पुन्हा मुद्रित करावे लागले. दहा लाखांवर प्रती खपल्याबद्दल १९६२ साली तिला सोन्याची तबकडी मिळाली. तेव्हा व्हिडिओ नव्हता, मुलाचा चेहरा फार थोड्यांनी पाहिलेला. मग लोकांनी काय करावे? तो मुलगा मरण पावला, अशी अफवाच उठली! इतका निर्मळ आवाज या जगात फार काळ राहणे शक्य नाही, असे ऐकणाऱ्यांना वाटले असावे. प्रत्यक्षात लाफ मोठा झाला, जाहिरात व्यवसायात नोकरी केली, जाड आवाजात हौसेने गातही राहिला आणि २००० साली, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. लोकांचा तर्क किती भरकटू शकतो, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता?

दुसरी गोष्ट ‘द स्नोमॅन’ची. रेमंड ब्रिग्ज यांच्या चित्रपुस्तकावरून १९८२ साली केलेला हा छोटा ॲनिमेशनपट इंग्लंडमध्ये नाताळात घरोघरी पाहिला जातो. बर्फाचा माणूस एका मुलाचा हात धरून आकाशात उडतो, तेव्हा पार्श्वभूमीला हॉवर्ड ब्लेक यांचे गाणे आहे. ते कोणी गायले? विचाराल त्याला, उत्तर ठरलेले, ॲलेड जोन्स! आणि ते चूक आहे. चित्रपटातला आवाज सेंट पॉल कॅथीड्रलच्या पीटर ऑटी या मुलाचा. त्याचे नाव मूळ श्रेयनामावलीत नव्हतेच. १९८५ साली खेळण्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी हेच गाणे हवे झाले, तोवर ऑटीचा आवाज फुटला होता. म्हणून वेल्सच्या ॲलेड जोन्सकडून ते गाऊन घेतले. ती तबकडी ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली आणि गाणे कायमचे त्याच्या नावावर चढले. ऑटी पुढे ऑपेरातला नामांकित टेनर गायक झाला, जोन्सही गायक आणि निवेदक म्हणून नावारूपाला आला. दोघांचे भले झाले, पण हक्काचे श्रेय एका मुलाला कित्येक वर्षे मिळाले नाही. तेव्हा ‘हा आवाज कोणाचा’ असे खोदून विचारणारा चाहता नेहमीच रिकामटेकडा नसतो. कधी कधी तोच न्याय करतो.

पण याच चौकसपणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. चर्चा चाललेली असते ती बारा-तेरा वर्षांच्या मुलाची. सिनेमातल्या नटाविषयी काहीही बोलले तरी तो मोठा माणूस असतो, त्याने तो धंदा स्वतः पत्करलेला असतो. या मुलाने काय पत्करले? गाणे. आपला गळा कधी बसला, उंची किती वाढली, ओठावर मिसरूड दिसते का, याची चर्चा परक्या देशातल्या अनोळखी मोठ्या माणसांनी करावी, हे त्याने पत्करलेले नसते. आवाज फुटण्याच्या दिवसांत मुलगा आधीच बावरलेला असतो. काल जे सहज जमत होते ते आज जमत नाही. वर्गातली मुले चिडवतात. ज्या जागेवर आपण उभे होतो तिथे धाकटा कोणी येतो. अशा वेळी ‘आता याचे दिवस संपले’ हे वाक्य त्याच्या वाचनात आले, तर?

म्हणून जाणत्या चाहत्यांनी आपल्यापुरत्या काही मर्यादा आखून घेतलेल्या असतात. तर्क गाण्याविषयी करावा, मुलाच्या घराविषयी नाही. शाळा, पत्ता, कुटुंब यांची चौकशी करू नये. मैफलीबाहेर मुलाला एकटे गाठू नये. भेट किंवा पत्र द्यायचेच तर वृंदाच्या व्यवस्थापकांमार्फत द्यावे. आवाज बदलला असेल असे वाटले, तरी वृंदाकडून कळेपर्यंत गप्प राहावे. कोणी नवखा चाहता उत्साहाच्या भरात ही रेषा ओलांडू लागला, तर जुने चाहतेच त्याला प्रेमाने बाजूला घेऊन समजावतात. आपल्याकडे रिअॅलिटी शोमध्ये गाणारी पोरे घराघरांत पोहोचली आहेत. त्यांच्या कौतुकात बुडालेल्यांनीही हा धडा गिरवायला हरकत नाही.

आता काय होणार?

लिबेराच्या चाहत्यांना सर्वांत कठीण तर्क करावा लागला तो २०२१ साली. त्या सप्टेंबरात रॉबर्ट प्राइझमन वारले. वृंद घडवणारे तेच, चाली देणारे तेच, मुलांना तालमीत उभे करणारेही तेच. पुढचा व्हिडिओ कोणत्या गाण्याचा, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात आला नसेल. पुढे काही येईल का, हाच प्रश्न होता. एका माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या संस्थांचे त्या माणसामागे काय होते, हे आपण आपल्याकडेही पाहतो. नाटक मंडळी मोडल्या, गायनशाळांना कुलपे लागली. पण लिबेरा थांबला नाही. संगीत दिग्दर्शनाची धुरा सॅम कोट्स यांनी घेतली. मुले पुन्हा तालमीला आली, पुन्हा मैफली झाल्या, नवी गाणी मुद्रित झाली. आणि एक दिवस पुन्हा कोणीतरी छायाचित्रातल्या कमानीकडे बोट दाखवून विचारले, हे कुठले चर्च बरे?

खरे पाहता मुलांच्या वृंदाला ही सवय पहिल्यापासूनच असते. इथे कोणीच कायमचा नसतो. दर दोन-चार वर्षांनी सगळे चेहरे बदलतात, सगळे आवाज बदलतात आणि तरीही वृंद तोच राहतो. ज्याचा वरचा स्वर गेला, तो लगेच घरी बसतोच असे नाही. काही मुले मागच्या रांगेत उभी राहून खालच्या पट्टीत गातात. पुढच्या रांगेतला आठ वर्षांचा चिमुरडा त्यांच्याकडे पाहून कधी श्वास घ्यायचा, कधी थांबायचे ते शिकतो. एखाद्या एकत्र कुटुंबासारखेच हे आहे. थोरल्याचे कपडे धाकट्याला होतात, तशी थोरल्याची गाणीही धाकट्याकडे येतात. जुने गाणे नव्या मुलाच्या तोंडी ऐकताना चाहत्यांत पुन्हा वाद होतात, पहिल्याचे गाणे बरे की याचे? घरातल्या आजीने नातवात आजोबांचे नाक शोधावे, तशातला हा प्रकार.

अखेर ठरलेल्या दिवशी व्हिडिओ येतो. लंडनमध्ये संध्याकाळ असेल, तर जपानात मध्यरात्र उलटलेली असते. तरी माणसे जागी असतात. पहिल्याच मिनिटात निम्मे तर्क कोसळतात. कॅथीड्रल भलतेच निघते. ‘ओ’ने सुरू होणारे स्तोत्र निघतच नाही, मुलगा बहुधा जांभई देत असावा! आणि ज्याच्यावर कोणी पैज लावली नव्हती असा एक नवाच मुलगा पुढे येऊन तोंड उघडतो. यादी करणारे यादी विसरतात. तीन-चार मिनिटे कोणी काही बोलत नाही.

गाणे संपले की मग मागच्या रांगेत पाहायचे. मागच्या वर्षीचा तो मुलगा तिथे आहे. आता चांगला उंच झालाय, खांदे रुंदावलेत. तो खालच्या सुरात साथ देतो आहे आणि चेहऱ्यावर कसलेही दुःख नाही. हुरहुर ऐकणाऱ्यांना लागलेली असते. तो आपला मोठा होण्यात गुंतलेला असतो, आणि ते तसेच असायला हवे. पुढच्या खेपेला या नव्या मुलाची पाळी. त्याच्याजवळही दोनच वर्षे आहेत. तेवढ्यात त्याला मनसोक्त गाऊ द्यावे, आपण कान देऊन ऐकावे आणि त्याची उंची मोजण्याचे काम त्याच्या आईवर सोपवावे, हे बरे!